पदार्पण वेगळं, ब्रेक वेगळा : अभिनेत्रीची कारकीर्द नोंदवायची कशी?

माधुरी दीक्षितचा पहिला चित्रपट 'अबोध' ऑगस्ट १९८४ मध्ये आला. घराघरात ती पोहोचली 'तेजाब'मुळे, नोव्हेंबर १९८८ मध्ये. मधली सव्वाचार वर्षं बहुतेक लेखांत 'सुरुवातीचे काही चित्रपट चालले नाहीत' एवढ्या एका वाक्यात उरकलेली असतात. एखाद्या अभिनेत्रीच्या कारकिर्दीवर नीट लिहायचं असेल, तर निम्मं काम त्या वाक्यात दडलेलं आहे.

सुरुवात यादीपासून करायची. वहीत करा किंवा एक्सेलमध्ये, पण एका चित्रपटाला एक ओळ द्या आणि आठ रकाने आखा : चित्रपटाचं नाव, भाषा, चित्रीकरणाचा काळ, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख, प्रदर्शनाची तारीख, पात्राचं नाव, श्रेयनामावलीतलं स्थान आणि 'ही माहिती कुठून मिळाली'. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. महिन्याभरानं दोन ठिकाणी दोन वेगळी वर्षं सापडली की त्याची किंमत कळते. जे सापडलं नाही तो रकाना रिकामा ठेवा. अंदाजानं भरलेला आकडा पुढे खरा म्हणून फिरत राहतो.

एका चित्रपटाला तीन तारखा कशाला, असं वाटेल. रिंकू राजगुरूचं उदाहरण घ्या. 'सैराट' प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ ला. तिला त्याच भूमिकेसाठी ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो जाहीर झाला मार्च २०१६ मध्ये, आणि पुरस्काराचं वर्ष होतं २०१५. कारण राष्ट्रीय पुरस्कारासाठी वर्ष धरतात ते सेन्सॉर प्रमाणपत्राचं, प्रदर्शनाचं नव्हे. म्हणजे 'सैराट तुफान चालला आणि मग रिंकूची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली' हे वाक्य उलटं आहे. आधी दखल, मग गर्दी. सालांचा असाच फरक 'नटरंग'मध्येही आहे. प्रदर्शन १ जानेवारी २०१० चं, राष्ट्रीय पुरस्कार २००९ सालचा. यादीत नुसतं 'वर्ष' असा एकच रकाना ठेवलात तर यांतलं एक काही तरी चुकणारच.

चित्रीकरणाचा काळ लागतो तो रखडलेल्या चित्रपटांसाठी. स्मिता पाटील गेल्या १३ डिसेंबर १९८६ ला, 'मिर्च मसाला' पडद्यावर आला १९८७ मध्ये. प्रदर्शनाच्या क्रमानं लावलेली यादी वाचून 'शेवटच्या काळात त्यांनी अमुक प्रकारच्या भूमिका निवडल्या' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला चित्रपट कधी बाहेर येईल, हे नटीच्या हातात नसतं.

आता नावांची भानगड. इथे गुंता जास्त, म्हणून वेळही जास्त द्यावा लागतो. मूकपटातल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, ज्यांना पुढे १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. मराठी प्रेक्षकांच्या सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर. आणि लावणीच्या सुलोचना चव्हाण तिसऱ्याच. इंटरनेटवरच्या याद्यांत या तिघी सर्रास एकमेकींत मिसळतात. सोनाली कुलकर्णी दोन आहेत : 'दोघी' (१९९५) आणि 'दिल चाहता है' (२००१) मधली एक, 'नटरंग'मधली दुसरी. प्रभात फिल्म कंपनीच्याच दोन शांता, म्हणजे 'कुंकू'तल्या (१९३७) शांता आपटे आणि 'माणूस'मधल्या (१९३९) शांता हुबळीकर, यांचीही अदलाबदल होते.

उलट बाजूनं, एकाच बाईची दोन नावं असतात. हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर, उषा किरण मूळच्या उषा मराठे, संध्या मूळच्या विजया देशमुख, रीमा लागू लग्नाआधी नयन भडभडे. तेव्हा शोध घेताना प्रत्येक नाव वेगळं टाकून पाहा. लग्न, कंपनी बदलणं किंवा नवं नाव घेणं, यांचं साल मिळालं तर तेही यादीत टिपून ठेवा, कारण त्याआधीच्या श्रेयनामावलीत जुनंच नाव असू शकतं.

द्विभाषिक चित्रपटांसाठी एकच नियम पाळा : ओळी दोन, पण भूमिका एक. 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठीत आणि हिंदीतही झाला, 'कुंकू'चा हिंदी अवतार 'दुनिया न माने', 'उंबरठा'चा 'सुबह'. दोन्ही स्वतंत्र मोजले की चित्रपटांची संख्या फुगते. एकच लिहिला तर दुसऱ्या भाषेतला प्रेक्षक हरवतो.

मग 'पहिला चित्रपट' कोणता? या प्रश्नाला बहुधा एकाहून जास्त उत्तरं असतात, आणि ती सगळी लिहायची असतात. उर्मिला मातोंडकर 'मासूम'मध्ये (१९८३) बालकलाकार होती, 'नरसिम्हा'त (१९९१) हिंदीत नायिका झाली आणि 'रंगीला'नं (१९९५) तिला स्टार केलं. बालकलाकार म्हणून, समूहनृत्यात, छोट्या भूमिकेत आणि नायिका म्हणून अशी चार पदार्पणं वेगवेगळी नोंदवा. जयश्री गडकरांची सुरुवात समूहनृत्यातली. ती पायरी गाळून थेट 'सांगत्ये ऐका'वर (१९५९) उडी मारली तर त्यांच्या नाचातली तयारी कुठून आली, हेच कळत नाही.

यानंतर खरा प्रश्न : ब्रेक कोणता? गाजलेला चित्रपट म्हणजे ब्रेक नव्हे. ज्या भूमिकेनंतर त्या अभिनेत्रीकडे येणारं काम बदललं, ती ब्रेकची भूमिका. म्हणून पुरावा त्या चित्रपटात शोधायचा नाही, त्याच्या पुढच्या-मागच्या ओळींत शोधायचा. तीन गोष्टी तपासा. श्रेयनामावलीत नाव वर सरकलं का? पात्र कथेच्या मध्यावर आलं का, म्हणजे तिला काढलं तर गोष्ट कोसळेल का? आणि बॅनर, दिग्दर्शक, सहकलाकार यांची फळी बदलली का? तिन्हींत फरक दिसला तर निःशंक लिहा. एकाच बाबतीत दिसला तर कोणत्या, ते लिहा.

यात हमखास होणारी चूक म्हणजे मधला अवधी विसरणं. माधुरीचा 'तेजाब' ११ नोव्हेंबर १९८८ चा, 'राम लखन' २७ जानेवारी १९८९ चा. 'तेजाबच्या यशामुळे राम लखन मिळाला' असं सहज लिहून जातो माणूस. पण मध्ये आहेत अवघे अकरा आठवडे. तेवढ्यात करार, चित्रीकरण, डबिंग, सेन्सॉर आणि वितरण उरकून हिंदी चित्रपट पडद्यावर येत नाही. 'राम लखन' आधीच ठरलेला होता, 'तेजाब'नं फार तर त्याच्या पोस्टरचा भाव वाढवला असेल. परिणाम मोजायचा तर दीड-दोन वर्षं पुढे सरकून बघावं लागतं : 'दिल' (१९९०), 'साजन' (१९९१), 'बेटा' (१९९२). सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला फिल्मफेअरही तिला 'दिल'साठीच मिळाला.

ब्रेक कुणाच्या दृष्टीनं, हेही लिहावं लागतं. स्मिता पाटील 'मंथन'मध्ये (१९७६) समीक्षकांच्या नजरेत भरल्या, 'भूमिका'नं (१९७७) राष्ट्रीय पुरस्कार दिला, मराठी प्रेक्षकाला विचाराल तर तो 'जैत रे जैत' किंवा 'उंबरठा' म्हणेल, आणि 'नमक हलाल'च्या (१९८२) प्रेक्षकाला यांतलं काहीच ठाऊक नसेल. एकच नाव निवडायचा अट्टाहास करण्यापेक्षा प्रेक्षकवर्ग सांगून दोन नावं दिलेली बरी. अलका कुबल यांचंही तसंच काहीसं. 'लेक चालली सासरला' (१९८४) मध्ये त्या नायिका होत्याच, 'माहेरची साडी'नं (१९९१) त्यांना नायिका केलं नाही. त्यानं सोशिक सुनेची प्रतिमा त्यांच्या नावाला कायमची चिकटवली. हा ब्रेक दर्जाचा नाही, प्रतिमेचा आहे, आणि तसाच शब्द वापरावा.

काही कारकिर्दींत ब्रेक दोनदा येतो. ललिता पवार मूकपटापासून नायिका होत्या. १९४२ मध्ये सेटवर बसलेल्या थपडेनं चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा अधू झाला आणि नायिकेची वाट बंद झाली. 'श्री ४२०' (१९५५) आणि 'अनाड़ी' (१९५९) मधल्या ललिता पवार ही दुसरी कारकीर्द आहे. 'अनाड़ी'तल्या मिसेस डिसाला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. अशा वेळी यादीत सरळ आडवी रेघ मारा आणि खाली नव्यानं मोजा. रीमा लागूंचं यश तर चरित्र भूमिकांतलंच. 'मैंने प्यार किया'त (१९८९) त्यांनी ज्याची आई केली, तो नायक त्यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी लहान. नायिकेच्या मोजपट्टीनं ही कारकीर्द मोजताच येत नाही.

साधनांबद्दल थोडं. सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे चित्रपटाची मूळ श्रेयनामावली. ती थांबवून, नावांचा क्रम जसाच्या तसा उतरवून घ्या. नंतर त्या काळातली गाण्यांची पुस्तिका आणि वर्तमानपत्रातली जाहिरात. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) पोस्टरं, पुस्तिका, छायाचित्रं जपलेली आहेत. पोस्टर वापरताना मात्र ते पहिल्या प्रदर्शनाचं आहे ना, हे बघा. पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरवर आणि सीडीच्या वेष्टनावर नंतर मोठी झालेली नटी मोठी दिसते, मग ती चित्रपटात दहा मिनिटं का असेना.

आत्मचरित्रं तपशिलाला समृद्ध आणि सालांना कच्ची असतात. त्यांतून स्वभाव, मोबदला, सेटवरचं वातावरण घ्या. तारखा दुसरीकडून पडताळा. शीर्षकंही फसवतात : 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा चित्रपट आणि हंसा वाडकरांचं आत्मचरित्रही. 'भूमिका' बेतला आहे तो आत्मचरित्रावर.

'इतके आठवडे चालला' या दाव्याला नेहमी तीन प्रश्न विचारा : कोणत्या गावात, कोणत्या चित्रपटगृहात, आणि रोजचे सगळे खेळ की फक्त मॅटिनी? पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव एकाच गृहात झालेला असला तर त्याचं वजन वेगळं. वेगवेगळ्या गावांतले आठवडे जोडून केलेला असला तर वेगळं.

लिहिताना 'ती' की 'त्या', हे आधी ठरवून घ्या. दुर्गाबाई खोटे, सुलोचनादीदी, हंसाबाई यांना 'त्या' आणि आजच्या मुलींना 'ती' हा मराठीतला रिवाज चालेल, पण एकाच नटीला एका परिच्छेदात दोन्ही नको.

शेवटी प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेची नोंद साधारण अशी दिसावी : 'तेजाब. हिंदी. प्रदर्शन ११ नोव्हेंबर १९८८. दिग्दर्शक एन. चंद्रा. पात्र मोहिनी. नायिका. ब्रेक : व्यावसायिक. परिणाम पाहावा १९९० पासून. राम लखन यात धरू नये.'