घरच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन लावायचंय? आधी मीटर बघा

वखराची पास तुटली, ट्रॉलीचं फाळकं निखळलं की दर वेळी तालुक्याला न्या अन् तिथं नंबर लावून बसा, त्यापेक्षा घरीच छोटं मशीन परवडतं. घ्या ना भो, पण खोक्यावरचा २०० अँपिअर हा आकडा बघून भुलू नका, तुमची लाईन किती झेपवते ते आधी बघा.

सिंगल फेजचं इन्व्हर्टर मशीन (हलकं, आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेलं) रॉडला १०० अँपिअर देतं असं चालवलं की लाईनीतून साधारण १७-१८ अँपिअर ओढतं, अन् फुल २०० वर नेलं तर ४० च्या आसपास. घरातला मोठा प्लग १६ चा. म्हणजे १२ नंबरचा रॉड (अडीच एमएम, ६० ते ९० अँपिअर) लावून गेट, जाळी, खाटेचा अँगल हे आरामात होतं, पण १० नंबरचा रॉड ९० ते १३० मागतो, तो त्या प्लगवर रोज चालवला तर पिना काळ्या पडतातच. त्यामुळे मीटरपासून वेगळी ६ एमएमची कॉपर वायर ओढा, ३२ अँपिअरची सी टाईप एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) टाका, अन् मंजूर भार कमी असेल तर महावितरणला अर्ज करून वाढवून घ्या. तारेवर आकडा टाकून चोरून चालवायचं नाही, स्पष्टच सांगतो.

आपल्याकडं दुसरी कटकट व्होल्टेजची. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखासुद्धा लोळतो, तेव्हा रॉड चिकटतो अन् माणूस मशीनला शिव्या घालतो. म्हणून घेताना मागच्या पाटीवर खालचं व्होल्टेज कितीपर्यंत चालतं ते वाचा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. जुनं जड ट्रान्सफॉर्मरवालं मशीन दणकट असतं हे खरं, पण त्यातली बरीच दोन फेजवर चालतात अन् घरच्या मीटरवर ती कशाला.

त्याच पाटीवर ड्युटी सायकल, म्हणजे मशीन सलग किती चालवायचं ते, लिहिलेलं असतं, ती लोक वाचतच नाहीत. २०० ला ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं मारायचं, ४ मिनिटं थांबायचं, अन् हे मोजलेलं असतं ४० डिग्रीला. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ जातं अन् पत्र्याच्या शेडमध्ये अजून जास्त, तेव्हा सकाळीच काम उरका, अन् मशीन थांबवलं तरी पंखा थोडा वेळ चालू राहू द्या.

जोडणीत सगळ्यात जास्त घोळ अर्थ क्लॅम्पचा, म्हणजे कामाच्या लोखंडाला लावायच्या चिमट्याचा होतो. रंगावर, गंजावर क्लॅम्प लावला की आर्क फडफडतो अन् क्लॅम्पच तापतो, म्हणून ग्राइंडर मारून चकचकीत लोखंड काढा अन् टाक्याच्या जवळ पकडा. ६०१३ जातीचा रॉड (हा नंबर पुड्यावर असतो) प्लस-मायनस दोन्हीवर चालतो, पातळ पाइपला भोकं पडत असतील तर रॉडचा होल्डर मायनसला लावून बघा, ७०१८ ला मात्र प्लसच. एक्सटेन्शन वायर गुंडाळी उलगडूनच वापरा, गुंडाळलेली आतून वितळते. शेडची अर्थिंग उन्हाळ्यात काळी माती फाटली की कामातून जाते, त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाका. ग्राइंडरची लोखंडी धूळ मशीनच्या पंख्याकडं उडू देऊ नका, कार्ड गेलं की रिपेरिंगला बरेच पैसे जातात.

तोंडावरच्या ढालीची काळी काच १० किंवा ११ नंबरची, कपडे सुतीच, पायात बूट. हेल्पर पोरगं उघड्या डोळ्यांनी बघत असेल तर हाकला त्याला, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन झोपणार नाही. जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपचा पांढरा धूर आत घेऊ नका, ताप भरतो, जस्त आधी घासून काढा अन् मोकळ्या हवेत मारा. डिझेल-पेट्रोलचं रिकामं पिंप तर नकोच, त्यातली वाफच फुटते. अन् ट्रॅक्टरवर काही मारायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडा.

पावसाळ्यात रॉड सादळतात, पुडा डब्यात बंद ठेवा. सादळलेल्या रॉडचा टाका वरून बरा दिसतो पण आत भोकं असतात, अन् तो सुटतो नेमका भरल्या ट्रॉलीखाली.