वजन वाढवायचं ते वहीत बघून

माझी वही साधी आहे, शंभर पानी, एकेरी रेघांची. पहिल्या पानावर लिहिलंय : ‘स्क्वॉट, छातीशी डंबेल, ६ किलो, ८-८-७.’ म्हणजे डंबेल छातीशी धरून बैठका, तीन फेऱ्यांत आठ, आठ आणि सात. तेव्हा मी ४४ वर्षांची होते. परवाचं पान म्हणतं : ‘स्क्वॉट, बारबेल, ४७.५ किलो, ८-८-६.’ बारबेल म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायचा लांब बार. मधल्या दोन वर्षांत शंभर रुपयांच्या आतली ही वही मला जिममधल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडली. सोबत सुरू केलेले कितीतरी जण सोडून गेले. मागच्या वेळी किती वजन उचललं होतं, हे त्यातल्या बहुतेकांना आठवायचंच नाही.

माझे वडील सांगलीत तालमीत जायचे. रोज तीनशे बैठका. दम जबरदस्त होता, पण मांड्या वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिल्या, कारण बैठकांची संख्या वाढली तरी ओझं स्वतःच्या शरीराचंच होतं. जे ओझं सवयीचं झालं, त्याच्यासाठी स्नायू आणखी मोठा होत नाही. १९४५ साली थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले : वजन जड, वेळा कमी, आणि पेलेल तसं वजन वाढवत न्यायचं. आजही पाया तोच आहे.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरतात, मध्ये एक दिवस सोडून. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार जाते. दर वेळी पाच गोष्टी : स्क्वॉट, कमरेतून वाकून उचलायचा डेडलिफ्ट, छातीसाठी बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं), पाठीसाठी डंबेल रोइंग (वाकून डंबेल पोटाकडे ओढणं) आणि खांद्यांसाठी डोक्यावर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं). जिम नसेल तर बेंच प्रेसच्या जागी जोर मारा, आधी भिंतीला टेकून, मग कट्ट्याला, मग जमिनीवर. प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे फेऱ्या, आणि सेटमध्ये ८ ते १२ रेप, म्हणजे तितक्या वेळा उचलणं. पहिले दोन आठवडे दोनच सेट करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं बसा. घाई केली की पुढच्या सेटमध्ये रेप कमी पडतात.

सुरुवातीचं वजन किती, हे सगळे विचारतात. आकडा कुणीच सांगू शकत नाही, पण खूण सांगते. आठवी-नववी रेप आली की तुम्ही पूर्ण जोर लावत असूनही हात आपोआप संथ होतो, डंबेल मध्यावर क्षणभर रेंगाळतं. तिथं ‘आणखी दोन निघतील, तिसरी नाही’ असं वाटलं की थांबा. बारा झाल्या आणि वेग पहिल्या रेपइतकाच असेल, तर वजन हलकं आहे. दहाव्या रेपला पाठ वाकू लागली, तर ते जड आहे.

डेडलिफ्ट आधी वजनाशिवाय शिका. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल. आता नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा, छाती आपसूक खाली येईल. मांड्यांच्या मागची शीर ताणली गेली की बरोबर. मग वीतभर आणखी पुढे सरका. पाठ सरळच हवी, लांबून पाटीसारखी दिसली पाहिजे.

हे मी पोटतिडकीनं सांगते, कारण तिसऱ्या महिन्यात मी चुकले. जिममधल्या प्रशिक्षकांनी डेडलिफ्टला ३० किलोवरून एकदम ४० लावायला सांगितलं आणि मी लावलं. पाचव्या रेपला कमरेत उसण भरली. तीन आठवडे गेले. तेव्हापासून नियम एकच : तिन्ही सेटमध्ये बारा-बारा रेप नीट निघाल्या, की पुढच्या वेळी दोन ते दहा टक्के वाढ. बारला दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट लावली की अडीच किलो होतात. रेप पुन्हा आठ-नऊवर येतील, येऊ द्या. तिथून परत बारापर्यंत चढायचं. श्वास उचलताना सोडा, कोंडून धरू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत उचलायचं वजन भराभर वाढतं, पण आरशात फारसं दिसत नाही. त्या काळात मेंदू आणि नसा असलेलेच स्नायू वापरायला शिकत असतात. स्नायूंचा घेर त्यानंतर वाढतो, तोही जेवण पुरेसं असेल तर. शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. मी ५८ किलोची, म्हणजे नव्वदीच्या आसपास. कालचं सांगते : सकाळी दोन अंडी, पाव लिटर दूध; दुपारी तीन पोळ्या, वाटीभर घट्ट मटकीची उसळ, दही; संध्याकाळी मूठभर शेंगदाणे; रात्री कोरडे मोजून ५० ग्रॅम सोया चंक्सची भाजी आणि शंभर ग्रॅम पनीर. वरण पातळ असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. प्रथिनांची पावडर सोयीची आहे, सक्तीची नाही. आणि झोप सात तास तरी हवीच.

आईलाही मी आता धरून बसवलं आहे. ती ७२ वर्षांची, जमिनीवरून उठताना हात टेकते. तिच्यासाठी वजन वाढवत नाही, बसायची उंची कमी करत नेतो. जेवणाच्या खुर्चीवर दोन उश्या ठेवून, हात न टेकता उठबस, ८-८-८. तिची वेगळी वही आहे, आकडे तीच लिहिते. काल १२-१२-१२ झाल्या. सोमवारी एक उशी काढायची.