अंडररायटिंगमध्ये करिअर करायचंय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. विमा म्हणजे पॉलिसी विकणं, असं धरून मुलं या कामाकडे वळतात. एजंट प्रस्ताव आणतो. तो घ्यायचा का, कोणत्या अटींवर आणि किती प्रीमियमला, हे अंडररायटर ठरवतो. समोरच्याला दुखवायची तयारी नसेल तर हे काम रोज छळतं.

माझ्या हाताखाली एक मुलगा आला होता. हुशार, बोलका, मार्क उत्तम. मार्च अखेरची धावपळ चालू होती आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्याचा प्रस्ताव आला. अर्जात ‘मालाची साठवण’ एवढंच लिहिलेलं. एजंट टेबलासमोर बसून, “आजच करून टाक रे बाबा, उद्या पार्टी दुसरीकडे जाईल.” मुलाने पेन उचललंसुद्धा. मी फाइल थांबवली आणि त्याला घेऊन जागा बघायला गेलो. भट्टी आणि गोदाम एकाच छपराखाली, मध्ये भिंत नाही, टरफलांचा ढीग भट्टीला लागून. काजूच्या टरफलात तेल असतं, ते पेटलं की आवरणं कठीण. साध्या गोदामाचा दर इथे लावणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. ढीग हलवा, भिंत घाला, मग पॉलिसी, असं आम्ही कळवलं. मालकाने ऐकलं, एजंट मात्र बरेच दिवस बोलला नाही. त्या अबोल्याने मुलगा खचला. पुढे तो विक्रीकडे गेला आणि तिथे त्याचं छान चाललंय.

म्हणून आता विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कोरा प्रस्ताव अर्ज देतो. आपल्या वाड्यावरचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आण आणि अर्जात नसलेले कोणते प्रश्न तू विचारशील ते लिही, म्हणतो. काहीजण रकाने भरून लगेच परत देतात. एका मुलीने विचारलं होतं, “वर राहणाऱ्यांचे सिलिंडर कुठे ठेवतात?” तिला मी दुसरा विचार न करता हो म्हटलं.

दुसरी चूक आपल्या गोव्यात फार: सरकारी नोकरीचं पत्र येईपर्यंत इथे बसतो. घरचेही तेच सांगतात. मला हे मनापासून खटकतं. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या, इंजिनिअरिंगच्या आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवणं कंपन्यांवर आलं. आधी दरपुस्तक उघडलं की आकडा मिळायचा. आता तो नजरेतून येतो, आणि नजर तयार व्हायला आपण घेतलेल्या जोखमीवर आलेले दावे स्वतः वाचावे लागतात. वर्षा-दोन वर्षांत निघून जाणाऱ्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही.

‘आत्ता घेऊ, नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी आयुर्विम्याकडे तर फिरकूच नये. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटली की पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. जे विचारायचं ते सुरुवातीलाच.

पणजीत बसून सगळं शिकता येईल हा समजही सोडा. शाखेच्या अधिकाराला मर्यादा असते, मोठे प्रस्ताव वर जातात. काही वर्षं मुंबई किंवा पुण्यात काढायची तयारी हवी. सरकारी कंपनीत अधिकारी झालात तर बदली कुठेही होऊ शकते.

भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा जरूर द्या. फक्त गाइड पाठ करून देऊ नका.

साध्या गाडीचा किंवा छोट्या आरोग्य पॉलिसीचा निर्णय आता बराचसा संगणकच देतो, त्यामुळे तेवढ्याच कामावर पूर्ण करिअर उभं करू नका. आग, इंजिनिअरिंग, मरीन (जहाजं आणि मालवाहतूक), दायित्व (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई) यांपैकी एक शाखा धरा. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांपासून मुरगाव बंदरापर्यंत शिकायला इथे भरपूर आहे.

आणि नोकरीच्या पत्रावर ‘अंडररायटर’ लिहिलंय म्हणून हुरळू नका. मुलाखतीत सरळ विचारा: प्रस्ताव नाकारायचा अधिकार मला कधी मिळेल, आणि किती रकमेपर्यंत? नेमकं उत्तर मिळालं नाही, तर बहुधा ते डेटा एंट्रीचं काम असतं.