पितळ की जस्त?

नागपूरच्या इतवारी बाजारातून भरीव बाळकृष्ण आणला. आईला शंका, "पितळच आहे ना रे?"

स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर मूर्ती 340 ग्रॅम. मग पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला, मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवली, तळाला टेकू न देता. काट्यावर 47. हेच घनसेंटिमीटरमध्ये आकारमान, कारण उत्प्लावन बल (पाणी मूर्तीला वर ढकलतं तो जोर) बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं. 340 भागिले 47, म्हणजे घनता 7.2. जस्ताची 7.1! आईचा चेहरा बघवेना.

मग लक्षात आलं, बैठकीखालच्या खळग्यात हवा अडकलीय, म्हणून आकारमान जास्त दिसलं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला, मूर्ती तिरपी करून हलवली, बुडबुडे निघाले. आता 40, म्हणजे घनता 8.5, पितळेइतकीच. पितळ! (नागपुरी मे महिन्यातलं कोमट पाणी फार तर एक टक्का फरक पाडतं.)