बांगड्यांचा अ‍ॅक्सॉन

अ‍ॅक्सॉन म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू; त्याच्या आतल्या सांगाड्याचं मॉडेल बांगड्यांतून करू. आमच्या उदगीरच्या बाजारात सव्वादोन मापाच्या प्लास्टिक बांगड्या डझनानं मिळतात. एक डझन घ्या, सोबत शिलाईचं पातळ इलॅस्टिक. मी आधी सुतळी वापरली होती. वर्गात मॉडेल वाकवलं अन् गाठी तटातट तुटल्या. लेकरं हसली.

बांगडी म्हणजे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचं कडं. दोन बांगड्यांत बरोबर १९ मिलिमीटर अंतर ठेवून चारी बाजूंनी इलॅस्टिक बांधा. हे इलॅस्टिक म्हणजे स्पेक्ट्रिन, कडी जोडणारं लवचीक प्रथिन. खऱ्या अ‍ॅक्सॉनमध्ये हे अंतर सुमारे १९० नॅनोमीटर असतं, ते २०१३ साली उघड झालं. म्हणजे आपलं मॉडेल लाखपट मोठं. या मापानं कंबरेपासून पायापर्यंतचा मीटरभर तंतू १०० किलोमीटर होईल. परभणीहून निघालात तर नांदेडही मागं पडेल!

वरून जुनी ओढणी गुंडाळा, ते पेशीपटल. तिच्यावर शर्टाची बटणं लावा, ती सोडियम वाहिन्या, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं. प्रत्येक बटण सेफ्टी पिनेनं आतल्या इलॅस्टिकला अडकवा. ही पिन म्हणजे अँकिरिन, वाहिन्या जागेवर धरणारं प्रथिन. पिना काढून ओढणी हलवली की बटणं वाट्टेल तिकडं सरकतात.

आता मॉडेल दोन्ही टोकांनी ताणून धरून मधे वाकवा, सोडा; सरळ होतं. मग मधली दोन-तीन इलॅस्टिकं कापून पुन्हा वाकवा; तिथंच मोडतं. स्पेक्ट्रिन नसलेल्या सूक्ष्म कृमींचे अ‍ॅक्सॉन नुसत्या वळवळीनं असेच तुटतात. माणसात स्पेक्ट्रिनचा बीटा-३ हा प्रकार बिघडला की लहान मेंदूतल्या पर्किंजी नावाच्या चेतापेशी खंगतात, चालताना तोल जातो. आजाराचं नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया ५.