प्रार्थनेला शब्द उरत नाहीत तेव्हा

आईच्या आजारपणाचं तिसरं वर्ष चालू होतं आणि माझी प्रार्थना बंद पडून चार महिने झाले होते. देवावर राग होता असंही नाही. आतून सगळं कोरडं पडलं होतं. चर्चमध्ये उपासनेला जायचे, गीतं चालू असताना ओठ हलायचे, बस. त्या काळात ज्यानं मला धरून ठेवलं ते सांगते, कारण आज तुमच्यापैकी कोणीतरी नेमकं तिथेच बसलेलं असेल.

आधी झोपा आणि जेवा. हे मी मनापासून आणि अगदी पहिल्यांदा सांगते. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून वाचा. कर्मेल डोंगरावर देवाचा एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीनं जीव घेऊन पळाला, रानात झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. दूतानं उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी दूत रागावला नाही. पुन्हा उठवून म्हणाला, खा, वाट लांबची आहे. होरेब डोंगरापर्यंतची ४० दिवसांची वाट आणि तिथे ऐकू आलेली देवाची मंद वाणी, सगळं त्यानंतर. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच घरात कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. उपचार घेतल्यानं विश्वास कमी ठरत नाही. ती भाकर देवानंच पाठवली होती.

मग तक्रार करायला शिका. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की देवासमोर फक्त उपकारस्तुती शोभते. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ बघा, अवघ्या सहा ओव्या (वचनं), आणि सुरुवातीलाच चार वेळा ‘कोठवर?’ आईच्या औषधांच्या वेळा मी एका वहीत लिहायचे. एका रात्री, अडीचचं औषध देऊन झाल्यावर, त्याच पानाच्या मागे लिहिलं: ‘कोठवर तिला गिळता येणार नाही? कोठवर मी दारामागे उभी राहून रडू?’ पुढे काही सुचलं नाही. चार महिन्यांतली माझी पहिली प्रार्थना ती होती, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. तुम्हीही असंच करा: स्तोत्रातला एक प्रश्न घ्या, त्यात स्वतःचं दुखणं नाव घेऊन घाला. शेवट गोड करायची घाई करू नका. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, पण तेसुद्धा ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारूनच सुरू होतं. पाठ फिरवून कुढणं वेगळं आणि त्याच्याकडे तोंड करून रडणं वेगळं.

वाचन थोडं ठेवा. वर्षभरात अख्खं बायबल संपवायचा तक्ता अशा दिवसांत बाजूला ठेवलेला बरा. मी आठवडाभर एकच ओवी घ्यायचे.

आणि एकट्यानं ओढू नका. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षाघाती माणसानं स्वतः काय विश्वास धरला होता, ते तिथं लिहिलेलं नाही. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, आणि येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. तुमच्या बाजेचं एक टोक धरेल असं माणूस शोधा आणि स्पष्ट सांगा, “मला प्रार्थना जमत नाहीये, माझ्यासाठी तू कर.” माझी एक मैत्रीण दर गुरुवारी यायची. आईच्या पायाशी स्टुलावर बसून एक स्तोत्र वाचायची, येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि निघायची. मला म्हणायचा आग्रह तिनं एकदाही केला नाही. याउलट, “तुझा विश्वास कमी पडतोय” असं म्हणणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका. मार्कच्याच नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला बाप ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ एवढंच म्हणू शकला, आणि येशूनं तेवढ्यावर त्याच्या मुलाला बरं केलं.

आशेबद्दल एक गोष्ट मला विलापगीतानं शिकवली. बायबलमधलं पाच अध्यायांचं, शोकगीतांचं पुस्तक. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन तिसऱ्या अध्यायात, भर मध्यावर येतं, आणि त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं. म्हणून सकाळी थोडं बळ आलं आणि संध्याकाळी ते ओसरलं, तर सकाळचं खोटं होतं असं समजू नका. उद्याची करुणा आज मागू नका; आजच्यापुरती मागा.

आई बरी झाली नाही. ती गेल्यानंतरच्या गुरुवारीही मैत्रीण आली, त्याच स्टुलावर बसली. प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे आली, तेव्हा मीही म्हणत होते.