पावसाळी ट्रेकचे फिके फोटो डिलीट करू नका

सह्याद्रीत पावसात काढलेले फोटो घरी येऊन बघितले की सगळं राखाडी दिसतं आणि मग ते गॅलरीत तसेच पडून राहतात, पण त्यातले बरेच मस्त सुधारतात, खरंच. स्नॅपसीड हे फोटो एडिट करायचं ॲप फुकट आहे, तेच घ्या.

आधी फोटो सरळ करा, क्षितिज तिरकं असेल तर बाकी कितीही मेहनत घ्या, फोटो खटकतोच. मग कडेचा नको तो भाग क्रॉप करा. आता त्यातलं ट्यून इमेज हे टूल उघडा, हायलाइट्स म्हणजे उजळ भाग थोडे खाली आणले की ढगांचे थर दिसायला लागतात, शॅडोज म्हणजे गडद भाग थोडे वर नेले की काळ्या कातळातलं गवत, पायऱ्या उठून येतात, मग कॉन्ट्रास्ट जरासा वाढवा. पांढराफट्ट झालेला भाग मात्र परत येत नाही, तिथे डिटेलच नसतं. फोटो निळसर वाटला तर वॉर्मथ म्हणजे पिवळसर झाक किंचित वाढवा.

सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, प्लीज हात आखडता ठेवा, आपल्याकडचा हिरवा मुळातच गडद असतो, अजून वाढवला की प्लास्टिक वाटतो. माणसाचा चेहरा अंधारात असेल तर सिलेक्टिव्ह या टूलने तेवढाच उजळा. सेव्ह करताना कॉपी म्हणून करा, ओरिजिनल राहू दे.